नवमी ते कोजागरी : तुळजापुरातले दिवस

खंडेनवमी

नाशिकहून निघून जामखेड, धाराशिव करत तुळजापूरला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. गाडी दादा चालवत होता, मागे आत्या आणि मी. आमची कुलदेवी तुळजाभवानी, त्यामुळे लग्न झालं, मूल झालं, घर बांधलं की तुळजापूर हे ठरलेलंच, पण ते सगळं धावतपळत होतं, रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची, कुंकू-कवड्या घ्यायच्या आणि परत. यावेळी आत्यानं स्पष्ट सांगितलं होतं की मला दसऱ्याचं सीमोल्लंघन बघायचंय आणि देवी परत सिंहासनावर बसेपर्यंत तिथून हलायचं नाही. म्हणजे कोजागरीपर्यंत मुक्काम. आमच्या घराण्याच्या पुजाऱ्यांकडे वरची खोली मिळाली, तिथे बहुतेक घराण्यांची अशीच सोय असते, पुजारी म्हणजेच यजमान, त्यांच्याच घरी राहायचं, त्यांच्याच घरी पुरणाचा नैवेद्य करायचा.

धाराशिवकडून येताना रस्त्यात ठिकठिकाणी ज्योत घेऊन पळणारी पोरं दिसली. नवरात्र मंडळांची पोरं तुळजापूरला येऊन भवानी ज्योत पेटवून घेतात आणि आपापल्या गावापर्यंत पळत नेतात, पण ते घटस्थापनेच्या आधी, ही नवमीला कुठली असा प्रश्न पडला तर कळलं की कुणी नवसाची नेतात कुणी दसऱ्यासाठी. अनवाणी, पुढे एक टेम्पो, टेम्पोवर स्पीकर.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक सांगते, तुळजापूरचं देऊळ रस्त्यावरून दिसत नाही. शिखर शोधत मान वर करून उपयोग नाही कारण देऊळ बालाघाटाच्या डोंगरउतारावर खाली आहे, राजे शहाजी महाद्वारातून आत गेलं की दगडी पायऱ्या उतरत जायचं. एका बाजूला कल्लोळ तीर्थ, पुढे गोमुख तीर्थ, सिद्धिविनायक, मग सरदार निंबाळकर दरवाजा, आणि तो ओलांडला की एकदम समोर होमकुंड आणि देऊळ. देवीकडे चढून जायची सवय असलेल्या आमच्यासारख्या वणीच्या शेजाऱ्यांना हे खाली उतरणं दरवेळी वेगळं वाटतं. सप्तशृंगीला आम्ही वर जातो, इथे आई खाली दरीत घर करून बसलीये.

देऊळ साधारण बाराव्या शतकातलं मानतात, जुना भाग हेमाडपंती घडणीचा, त्यावर पुढच्या काळात भर पडत गेली. मूर्ती गंडकी शिळेची, काळीभोर, साधारण तीन फुटांची, आठ हातांची, उजवा पाय महिषासुरावर, डावा जमिनीवर. जवळच मार्कंडेय ऋषी आणि अनुभूती. दोन बाजूंना सूर्य-चंद्र कोरलेत. साडी-दागिन्यांमुळे एरवी आपल्याला फक्त मुखच दिसतं, अंगावरची आयुधं अभिषेकाच्या वेळीच नीट दिसतात.

अनुभूती कोण हे आत्यानं रात्री सांगितलं, मी लहानपणी ऐकलं होतं पण विसरले होते. स्कंदपुराणाच्या सह्याद्रीखंडातली कथा म्हणून ती सांगतात. कृतयुगात कर्दम नावाचे ऋषी होते, ते वारले तेव्हा त्यांची बायको अनुभूती सती जायला निघाली पण तिचं मूल तान्हं होतं म्हणून तिला थांबवलं. तिनं मुलाला वाढवलं, गुरूकडे सोपवलं आणि मग मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाचा दैत्य आला, तिच्या रूपावर भाळला आणि त्यानं तिला हात लावला, तिची समाधी मोडली. तिनं देवीचा धावा केला आणि देवी क्षणात आली. कुकुरानं महिषाचं रूप घेतलं, देवीनं त्याचं डोकं उडवलं. मग अनुभूतीनं मागणं मागितलं की आई आता इथेच राहा. त्या डोंगराचं नाव यमुनाचल. एकट्या बाईच्या हाकेला धावून आलेली देवी म्हणून तिचं नाव त्वरिता, तीच तुळजा.

मला या कथेत नेहमी एक गोष्ट फार भावते की अनुभूती मूर्तीत आहे. दैत्य पायाखाली आहे, शस्त्रं हातात आहेत, सगळं आहे, पण जिच्यासाठी आली ती बाईसुद्धा कोरलेली आहे. भक्ताला इतकी जवळ जागा देणं हे फार मोठं वाटतं मला.

रात्री अकराच्या पुढे झोप कुणालाच नव्हती. नवमीचा होम, अजाबळी हे विधी झाले होते आणि आता सगळं गाव पलंग-पालखीची वाट बघत होतं. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची, आणि पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावचा. दोन्ही दरवर्षी नवे. पलंग गावोगाव मुक्काम करत जुन्नर-नगर करत येतो, पालखीचं काम राहुरीला होतं आणि तीही आसपासच्या गावांतून फिरून बुऱ्हाणनगरला जाते, नगरच्या भिंगारला दोघांची भेट होते आणि मग तुळजापूर. पलंग गावात शिरला तेव्हा संबळ आणि हलगी अशी सुरू झाली की शेजारची पाच-सहा वर्षांची पोरगी कडेवर झोपली होती ती जागी होऊन टाळ्या वाजवायला लागली. बायका पलंगाला हात लावायला धावत होत्या, कुणी लेकराला त्याच्या खालून काढत होतं, आत्या तर अशी घुसली गर्दीत की दादाला मागे पळावं लागलं.

दसरा

पहाटे तीनला उठलो. आंघोळी करून खाली गेलो तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, पुजाऱ्यांच्या मुलानं ओवरीत एका खांबाला टेकून उभं राहायची जागा करून दिली.

आता जे सांगतेय ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. तुळजाभवानीची मूर्ती चल मूर्ती आहे. बहुतेक देवळांत मूर्ती एकदा बसली की बसली, उत्सवाला बाहेर काढतात ती दुसरी, उत्सवमूर्ती. इथे मूळ मूर्तीच सिंहासनावरून उचलतात. वर्षातून तीनदा देवी झोपते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून आश्विन शुद्ध प्रतिपदेपर्यंत, म्हणजे घटस्थापनेच्या आधी, ती घोर निद्रा. दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रम निद्रा, महिषासुराशी लढून थकलीय म्हणून. आणि पौष महिन्यात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. या काळात सिंहासन रिकामं असतं आणि देवी पलंगावर. दसऱ्याला मात्र झोपायच्या आधी ती सीमोल्लंघनाला बाहेर पडते, तेही याच मूळ रूपात.

मूर्तीला धक्का लागू नये म्हणून साड्या गुंडाळतात, एकशेआठ म्हणतात, आणि ते गाठोडं भोपे पुजारी उचलून बाहेर पालखीत आणतात. देवी दारात आली आणि जो आवाज झाला, "आई राजा उदो उदो", "सदानंदीचा उदो उदो", तो मी शब्दांत कसा लिहू. वरून कुंकू, सगळीकडून कुंकू, समोरचा माणूस दिसेना, खांब लाल, पायऱ्या लाल, आत्याचे पांढरे केस लाल, दादा ओरडतोय, मी रडतेय, शेजारी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातली म्हातारी माझा हात घट्ट धरून कन्नडमध्ये काहीतरी म्हणतेय, मला एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी मी "हो आजी हो आजी" करत होते. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते, पिंपळाच्या पारावर थांबते, तिथे आरती होते, आणि मग देवीला आत नेऊन त्या नव्या पलंगावर निजवतात.

आणि पालखी? ती परत जात नाही. तिचं लाकूड होमकुंडात जातं. जुना पलंगही तसाच. इतक्या गावांनी, इतक्या हातांनी, महिनोन्‌महिने खपून केलेली गोष्ट एका पहाटेसाठी असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून लाकूड निवडण्यापासून सुरुवात. दादा म्हणाला की जपून ठेवली असती तर म्युझियममध्ये शोभली असती, त्यावर आत्या म्हणाली, "अरे मग पुढल्या वर्षी त्या लोकांनी काय करायचं? त्यांचा मान जाईल की."

मला वाटतं हे एक वाक्य म्हणजे तुळजापूरचा खरा इतिहास आहे. आपण इतिहास शिलालेखात शोधतो, ताम्रपटात शोधतो, आणि ते हवंच, पण इथे इतिहास मानात साठवून ठेवलाय. पालखी बुऱ्हाणनगरच्या तेल्याच्या घराण्याची. गादीचा कापूस पिंजायचं काम परंपरेनं पिंजारी घराकडे. पूजा भोप्यांकडे, पाळीचे पुजारी वेगळे, महंतांची सेवा वेगळी, गोंधळ्यांचा संबळ वेगळा, आराध्यांचा पोत वेगळा. देवी स्वतःहून उठत नाही, निजत नाही, बाहेर पडत नाही, तिला यातल्या प्रत्येकाची गरज लागते आणि ती गरज कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी फार विचारानं ठेवलीये. एक घर जरी आलं नाही तरी विधी अडेल.

दुपारी आपट्याची पानं वाटली, पुरणपोळी खाल्ली, आणि सगळे आडवे झालो.

एकादशी

आज गर्दी उतरली होती. पलंगावर निजलेल्या देवीचं दर्शन घेतलं. सिंहासन रिकामं बघायची सवय नसते डोळ्यांना, पहिल्यांदा नजर तिकडेच जाते.

नंतर आवार सावकाश फिरलो. कल्लोळ तीर्थ, ब्रह्मदेवानं सगळ्या तीर्थांना बोलावलं आणि ती सगळी एकदम धावत आली तो कल्लोळ, अशी कथा. होमकुंड, मातंगी, आणि मग चिंतामणी. हा एक गोल गुळगुळीत दगड आहे, त्यावर दोन्ही हात हलके ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा, दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर लागणार. शिवाजी महाराज मोहिमेच्या आधी इथे कौल घ्यायचे असं सांगतात. आत्यानं विचारलं, काय विचारलं ते सांगितलं नाही, दगड उजवीकडे गेला आणि तिचा चेहरा असा खुलला की आम्हीही विचारायचं सोडून दिलं.

महाराजांचा विषय निघालाच आहे तर. भवानी तलवार देवीनं दिली ही श्रद्धा आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, नवरात्रातल्या अलंकार पूजांमध्ये एक दिवस भवानी तलवार अलंकार असतो, देवी महाराजांना तलवार देतेय असा देखावा मांडतात. महाराजांनी वाहिलेली म्हणून सांगितली जाणारी पुतळ्यांची माळ देवीच्या खजिन्यात आहे, ठराविक दिवशीच ती घालतात. पण मला जास्त अस्वस्थ करते ती १६५९ ची गोष्ट. अफजलखान विजापूरहून निघाला तेव्हा वाटेत तुळजापूरला आला. सभासदाच्या बखरीत आहे की त्यानं भवानी फोडली आणि जात्यात घालून भरडली. इथली परंपरा सांगते की मूळ मूर्ती पुजाऱ्यांनी आधीच हलवून लपवली होती आणि संकट टळल्यावर परत बसवली. बखर महाराजांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी जिंजीला लिहिलेली, तिच्या लेखकाच्या मनात ती जखम ताजी असणार हे समजतं. आणि पुजाऱ्यांची परंपरा मला खरी वाटावीशी वाटते त्याचं कारण कालच डोळ्यांनी बघितलंय. जी मूर्ती वर्षातून कितीदा उचलून साड्यांत गुंडाळतात, तिला कशी धरायची, कुठे आधार द्यायचा, कशी न्यायची हे ज्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना संकटात ती एका रात्रीत हलवणं इतरांपेक्षा नक्कीच सोपं गेलं असेल. हा माझा अंदाज आहे, इतिहासकारांनी काय ते ठरवावं.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान मारला गेला, आणि १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीचं देऊळ उभारलं, त्या मूर्तीची शिळाही गंडकीचीच आणवली. तुळजापूर तेव्हा स्वराज्यात नव्हतं. पुढे तर ते निजामाच्या राज्यात गेलं आणि थेट १९४८ पर्यंत तिथेच राहिलं. मराठ्यांची कुलदेवी आणि गाव परक्या राज्यात, हे इतकी वर्षं चाललं तरी वाट थांबली नाही. उलट देवळाचा कारभार, पुजाऱ्यांचे हक्क, उत्पन्नाची वाटणी यांचे नियम बांधणारी 'देऊळ-ए-कवायत' निजामाच्याच काळातली, १९०९ ची, तिचं नाव अजूनही इथल्या वादांत निघतं.

संध्याकाळी भारतीबुवांच्या मठात गेलो. देवी रात्री इथे येऊन बुवांबरोबर सारीपाट खेळायची असं सांगतात, आणि अजूनही सारीपाट मांडून ठेवतात. देवी झोपते, थकते, बाहेर पडते, आणि रात्री खेळायलाही येते. या गावात देवीबद्दल बोलताना कुणी "मूर्ती" म्हणत नाही हे माझ्या लक्षात आलं. "आई आता निजलीये", "आई उठल्यावर या", असंच.

परतताना घाटशीळ. घाटाच्या रस्त्याला लागूनच आहे. सीतेला शोधत राम या बाजूला आला तेव्हा देवीनं या शिळेवर उभं राहून त्याला लंकेची दिशा दाखवली. दुसरी एक कथा अशी की पार्वतीनं सीतेचं रूप घेऊन रामाची परीक्षा बघितली, रामानं ओळखलं आणि "तू का आई" असं विचारलं, म्हणून इथे ती तुकाई. तिथून खाली सगळा सपाट मुलूख दिसतो, सोलापूरकडे जाणारा रस्ता, त्यावर आत्तापासूनच तुरळक चालणारी माणसं. ते सोलापूरकर होते, कोजागरीला येणारे, काही जण आधीच निघालेले.

द्वादशी आणि त्रयोदशी

हे दोन दिवस आजूबाजूला फिरलो. आत्या पहिल्या दिवशी आली नाही, तिला देवळात बसायचं होतं.

नळदुर्ग तुळजापूरहून तासाभराच्या आतच आहे. किल्ला प्रचंड, बोरी नदी अडवून किल्ल्याच्या आत बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. पाणी वरून दोन धारांनी पडतं ते नर-मादी धबधबे, आम्ही गेलो तेव्हा पाऊस चांगला झालेला होता आणि धारा जोरात होत्या, महालात उभं राहून पडद्यासारखं पाणी समोरून कोसळताना बघायचं. फोटो खूप काढले. पण नळदुर्गला जायचं माझं खरं कारण खंडोबा होता. नळदुर्गजवळ मैलारपूर आणि तिथून पुढे हैदराबाद हायवेवर अणदूर, दोन देवळं आणि खंडोबा एकच! मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने मैलारपूरला असते, पौष पौर्णिमेची यात्रा मैलारपूरला होते. देव न्यायचा-आणायचा तर दोन्ही गावांत लेखी करार होतो. आत्ता देव अणदूरला होता म्हणून अणदूरला जाऊन भंडारा लावून आलो. याच टापूत देवी पलंगावर निजायला जाते आणि खंडोबा मुक्काम बदलतो, दोघंही लोकांच्या अंगाखांद्यावर चालतात. यावर कुणी नीट अभ्यास करून लिहायला हवं, मला मनापासून वाटतं.

त्रयोदशीला तेर. धाराशिवच्या पलीकडे तेरणेच्या काठी. आत्याला गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायचं होतं, संत गोरा कुंभार इथले. पण तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारी बाजारपेठ, पेरिप्लस या त्या काळच्या ग्रीक व्यापार-प्रवासाच्या पुस्तकात तिचं नाव आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागचा भाग चैत्यासारखा गोल पाठीचा, इतकं जुनं विटांचं बांधकाम उभं आहे हेच नवल. आणि लामतुरे संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तेरच्याच माणसानं शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून ते उभं राहिलं. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडलीये, तिच्यासारखीच मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पाँपेईत सापडली. आणि लज्जागौरीच्या मूर्ती, डोक्याच्या जागी कमळ, बाळंतपणाच्या बैठकीतली बाई, मातृदेवतेचं फार जुनं रूप.

तुळजापूरचं देऊळ बाराव्या शतकातलं म्हटलं की आपल्याला ते खूप जुनं वाटतं. पण पस्तीस-चाळीस किलोमीटरवर त्याच्याआधी हजार वर्षं लोक मातीतून आईच घडवत होते. एकीतून दुसरी आली असा पुरावा कुणी देऊ शकत नाही आणि मीही तसं म्हणत नाही, पण या मुलखाला आईची सवय फार जुनी आहे एवढं तेरच्या काचेच्या कपाटांसमोर उभं राहिलं की पटतं. आत्या लज्जागौरीसमोर बराच वेळ उभी होती. मग तिनं काचेला हात लावून नमस्कार केला. रखवालदार काही बोलला नाही.

कोजागरी

चतुर्दशीला काही नाही, कपडे धुतले, झोपलो, बाजारात कवड्यांच्या माळा आणि परड्या घेतल्या. खरी गंमत पौर्णिमेची.

सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. कोजागरीला हा रस्ता गाड्यांना बंद करतात कारण तो माणसांनी भरलेला असतो. लाखो लोक चालत येतात, सोलापूरचे तर घरटी कुणीतरी असतंच, शिवाय विजयपूर, कलबुर्गीकडचे. आम्ही रात्री घाटाखाली जाऊन उभे राहिलो. बायका डोक्यावर परडी घेऊन, गळ्यात कवड्या, पोरं मोबाइलवर देवीची गाणी लावून, म्हातारे काठी टेकत, एक माणूस खांद्यावर लहान मुलीला घेऊन, तिच्या पायात पैंजण. रस्त्याच्या कडेनं चहा, केळी, खिचडी, पाणी, पाय दाबून द्यायला बसलेली मंडळं, सगळं फुकट. कुणी कुणाचं नाव विचारत नाही. आम्ही तासभर एका मंडळाबरोबर चहा वाटला, दादा किटली घेऊन आणि मी कप घेऊन, आत्या खुर्चीवर बसून प्रत्येकाला "सावकाश जा रे बाबांनो, आई कुठं पळून जात नाही" म्हणत होती.

पहाटे देवी सिंहासनावर बसली. श्रम निद्रा संपली, अभिषेक झाला, नवी साडी, दागिने, आणि चरणतीर्थाच्या वेळी दर्शनाची रांग पार वरपर्यंत. आम्हाला पुढे जायला तीन-साडेतीन तास लागले. समोर उभं राहायला मिळालं ते काही क्षण, पण यावेळी मुखाच्या खाली साडीत झाकलेली अनुभूती कुठे असेल ती जागा मी मनानं शोधत होते.

आत्यानं जोगवा मागितला. पदर पसरून पाच घरी. नाशिकची, पेन्शन असलेली, कडक शिस्तीची माझी आत्या दारात उभी राहून "जोगवा द्या माय" म्हणत होती, आणि दारातल्या बायका तिला वाकून नमस्कार करून मगच पीठ घालत होत्या.

प्रतिपदा, बुऱ्हाणनगर

परतताना नगरला थांबलो, मुद्दाम बुऱ्हाणनगरसाठी. शहराला लागून आहे, भिंगारच्या पुढे. इथेही अंबिकेचं देऊळ आहे.

इथली कथा जानकोजी देवकर या तेल्याची. त्याच्याकडे एक लहान मुलगी आली, अंबिका, त्यानं तिला लेकीसारखं वाढवलं. एक दिवस ती नाहीशी झाली. जानकोजी वेड्यासारखा शोधत शोधत तुळजापूरला गेला, अन्नपाणी सोडलं, तेव्हा देवीनं दर्शन देऊन सांगितलं की तुझ्या घरी राहिले ती मीच, आणि दरवर्षी सीमोल्लंघनाला तुझ्याच पालखीत बसेन. त्याच्या घराण्याला पुढे भगत म्हणायला लागले आणि आजही पालखीचा मान त्यांचाच.

तुळजापुरात पालखी बघितली तेव्हा मी तिला एक विधी म्हणून बघितलं होतं. इथे आल्यावर कळलं की या गावासाठी ती लेकीची पाठवणी आहे. देवळात बसलेल्या एका मावशींना आत्यानं विचारलं की पालखी होमात जाते त्याचं वाईट नाही का वाटत. त्या म्हणाल्या, "कशाचं वाईट, ताई? पोर बसली ना त्यात. आता पुढल्या वर्षीच्या लाकडाचं बघायचं."

आत्यानं लगेच विचारलं की राहुरीला काम कधी सुरू होतं, बघायला आलं तर चालतं का. मावशींनी सगळं नीट सांगितलं, कुणाला भेटायचं, कुठून जायचं. दादानं ते फोनमध्ये लिहून घेतलं, आणि आम्ही नाशिकच्या रस्त्याला लागलो तो राहुरीवरूनच जातो, त्यामुळे जाता जाता गाव तरी बघून घेतलं.